यंत्राचा निश्चय आणि पाहणारा

रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा, सगळे भाग एकाच सर्किट बोर्डावर जोडलेला आणि हौशी तंत्रज्ञांत लोकप्रिय असलेला संगणक आहे. त्याच्यासाठी त्याच नावाच्या ब्रिटिश कंपनीने ३० सप्टेंबर २०२४ रोजी ७० डॉलर किमतीचा एआय कॅमेरा बाजारात आणला. त्याची घडण ज्ञानमीमांसेच्या, म्हणजे ज्ञान कशाला म्हणावे आणि ते खरे कसे ठरते याचा विचार करणाऱ्या शास्त्राच्या, अभ्यासकाने बारकाईने पाहावी अशी आहे. साधा कॅमेरा चित्र टिपतो आणि त्यात काय आहे हे ठरवण्याचे काम पुढच्या संगणकावर सोपवतो. या कॅमेऱ्यातील सोनी कंपनीच्या आयएमएक्स ५०० या सेन्सरमध्ये मात्र प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १.२३ कोटी पिक्सेलांच्या थराखालीच गणन करणारी चिप जोडलेली असून, न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य नमुन्यांवरून ओळखायला शिकवलेली गणिती रचना, तिथेच चालते. परिणामी सेन्सरमधून चित्राबरोबरच त्यातील वस्तूची ओळख, तिचे चौकटीतील स्थान आणि खात्रीचा एक अंक बाहेर पडतो.

भारतीय दर्शनांत हे दोन टप्पे वेगळे मानण्याची परंपरा जुनी आहे. वस्तूचे नाव किंवा जात न जोडता होणाऱ्या पहिल्या ग्रहणास निर्विकल्पक प्रत्यक्ष आणि ‘ही गाय आहे’ अशा नामजातियुक्त बोधास सविकल्पक प्रत्यक्ष म्हणतात. बौद्ध आचार्य दिङ्‌नागाने पहिल्यालाच प्रत्यक्ष मानले, कारण नाव जोडणे हे त्याच्या मते कल्पनेचे काम होय. मीमांसा दर्शनातील कुमारिलाने आणि पुढे न्याय दर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, दोन्ही प्रत्यक्षच मानली. या वादाच्या कोणत्याही बाजूने पाहिले तरी, ग्रहण आणि नामकरण एकाच चिपमध्ये आणणारे यंत्र ‘पाहते’ असे म्हणायचे का, हा प्रश्न उरतोच.

त्याचे सर्वांत धीट उत्तर सांख्य दर्शनात मिळते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेनुसार इंद्रिये विषयाचे केवळ आलोचन, म्हणजे नुसते ग्रहण, करतात. मन त्यावर संकल्प करते, अहंकार त्याला ‘माझे’पण देतो आणि ‘हे असेच आहे’ असा निश्चय बुद्धी करते. परंतु ही बुद्धीसुद्धा प्रकृती या मूळ जड तत्त्वाचाच विकार, म्हणजे जड आहे, आणि चैतन्य केवळ पुरुषाचे, निव्वळ साक्षी असलेल्या तत्त्वाचे आहे. यंत्र निर्णय करू लागले म्हणजे त्याला मन आले, अशी जी धास्ती किंवा जे कौतुक आज ऐकू येते, ते निश्चय हीच चैतन्याची खूण होय या गृहीतावर उभे आहे. सांख्यांनी ते गृहीत कधीच स्वीकारले नव्हते. अर्थात कॅमेऱ्यातील चिप म्हणजे सांख्यांची बुद्धी, असे समीकरण मांडणे अतिरेकाचे ठरेल, कारण त्या बुद्धीच्या ठिकाणी धर्म, ज्ञान, वैराग्य, ऐश्वर्य आणि त्यांचे विपरीत भावही मानलेले आहेत; चिपजवळ यांपैकी काहीही नाही. तरीही जड वस्तूकडून निश्चयासारखा व्यापार घडू शकतो आणि तो कोणासाठी घडतो हा प्रश्न त्याहून वेगळा आहे, एवढे सांख्यविचारामुळे स्वच्छ दिसते.

नैयायिकांना हे मान्य होणार नाही, कारण त्यांच्या मते ज्ञान हा आत्म्याचाच गुण आहे आणि इंद्रिय हे केवळ साधन. मात्र या यंत्राच्या परीक्षेला त्यांचे संशयाचे विवेचन फारच उपयोगी पडते. अंधुक प्रकाशात समोर खांब आहे की माणूस, हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण आणि कॅमेऱ्यापुढचा नेहमीचा प्रसंग यांत फरक जवळजवळ नाही. कॅमेरा अशा वेळी ‘व्यक्ती, ०.५८’ असे काही सांगेल, आणि हा अंक संशयासारखा दिसेल. पण न्यायसूत्रांनी संशयाच्या लक्षणातच विशेषाची अपेक्षा, म्हणजे फरक दाखवणारी खूण जाणून घेण्याची ओढ, सांगितलेली आहे. संशयात पडलेला माणूस पुढे सरकतो, हाक मारतो, हात हलतात का ते पाहतो. अंकाला अशी ओढ नसते. कोणत्या अंकाच्या वर ‘व्यक्ती’ मानायचे ही मर्यादा यंत्र वापरणारा आधीच लिहून ठेवतो, म्हणजे संशय फिटण्याऐवजी तो आधीच्या एका मानवी निर्णयाखाली झाकला जातो.

नावांच्या बाबतीतही तेच घडते. अशा कॅमेऱ्यांवर नेहमी चालवल्या जाणाऱ्या न्यूरल नेटवर्कांचे शिक्षण बहुधा कोको या चित्रसंग्रहावर झालेले असते, ज्याच्या ८० वर्गांत गाय, झेब्रा आणि जिराफ आहेत, पण म्हैस नाही आणि रिक्षाही नाही. कोल्हापूरच्या गोठ्यासमोर लावलेल्या अशा यंत्राजवळ म्हशीसाठी शब्दच नसल्यामुळे ते एक तर गप्प राहील किंवा तिला दुसऱ्याच कुणाच्या वर्गात घालेल, आणि नवी जात ओळखण्यासाठी लागणारे कुतूहल त्याच्याजवळ असणार नाही.

सोनीने २०२० मध्ये हा सेन्सर जाहीर करताना, चित्र बाहेर न देता केवळ ओळखीची माहिती देता येते, हा त्याचा गुण सांगितला होता. लोकांचे चेहरे साठवले जाऊ नयेत या दृष्टीने तो गुण खराच आहे. तथापि नैयायिक परतःप्रामाण्यवादी आहेत, म्हणजे ज्ञान खरे की खोटे हे त्या ज्ञानावरूनच कळत नाही, पुढच्या सफल किंवा विफल प्रवृत्तीवरून ठरते, असे ते मानतात. आणि दोरीचा साप झाला असेल तर तो भ्रम मोडायला दोरीच पुन्हा दिसावी लागते. चित्र नाहीसे करून नुसती ‘व्यक्ती’ ही नोंद ठेवली, तर तिला बाधक ठरणारे ज्ञान कधी उत्पन्नच होणार नाही. रास्पबेरी पायवर सुदैवाने चित्र आणि ओळख दोन्ही संगणकापर्यंत पोहोचतात, त्यामुळे काय ठेवायचे हे वापरणाऱ्याच्या हाती राहते. ज्या नोंदीवरून एखाद्या माणसावर आळ येऊ शकतो, तिचे चित्र त्या माणसाला स्वतः पाहता येईपर्यंत तरी पुसले जाऊ नये.