धंदा वाढतो म्हणजे कोण वाढते?

शेजारच्या काकूंच्या चकल्यांना यंदा इतकी मागणी आली, की त्यांचे चिरंजीव म्हणाले, “यंत्र आणू.” काकू म्हणाल्या, “मग त्या दोघींनी कुठं जावं?” निवाड्याला माझ्याकडे आले, मास्तराला सगळे कळते, असा लोकांचा समज!

मी गिरगावचा दाखला दिला. १९५९ साली तेथे ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पुढे ‘लिज्जत’ हजारो घरांत लाटला जाऊ लागला. पण लाटणे हातीच राहिले आणि लाटणारी मालकीणच राहिली.

“त्या मालकिणी, मास्तर. या रोजावर येतात,” चिरंजीव म्हणाले.

मी निरुत्तर झालो. खरा पेच यंत्राचा नव्हताच.

काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आल्या; नफ्याचे तीन रकाने कसे आखायचे, ते विचारायला.