खोपी

गेल्या भाऊबीजेला आमची ताई दापोलीहून एस.टी.ने आली ती पिशवी सावरीत थेट वाडीतल्या खोपीकडेच निघाली. बांधली त्या वर्षी ती तिथेच उतरली होती. मला हाक मारून तिला थांबवावे लागले.

"ताई, तिकडे नको. पाहुणे उतरलेत."

"असू दे रे," म्हणत तिने माजघरात पिशवी ठेवली. प्रत्यक्ष बहिणीला सांगताना मी भाडेकऱ्यांना पाहुणे म्हटले, हे मागाहून माझ्या ध्यानात आले.

ही खोपी मी स्वतः बांधली. पडक्या गोठ्याच्या जोत्यावर गवंड्याने कोपरे तेवढे धरून दिले. पुढची थापी आणि ओळंबा माझ्या हातचा. जांभा खाणीतून ओला निघतो तेव्हा मऊ असतो आणि वाऱ्याला कडक होत जातो. माझ्या तळहातांचेही तसेच झाले. थोरोने १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी बांधलेली खोपी १० फूट रुंद आणि १५ फूट लांब होती. हौसेने मीही तेच माप धरले. वर मंगलोरी कौले घातली, आणि दोनचार दिवसांसाठी येणाऱ्यांना ती भाड्याने देऊ लागलो.

पैसे घेऊन आसरा देणे हलके, असे मला वाटत नाही. ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. माझी माणसे तिथी ठरवून, आगाऊ पैसे भरून येतात. म्हणूनच ती हक्काने दुसरी बादली गरम पाणी मागतात. फुकट उतरलेला बिचारा गारठ्यात थंड पाण्यानेच आंघोळ उरकतो! भाड्याने माणसाचा संकोच जातो, हा गुण थोडा नव्हे.

पण ताई कशात बसते? तिची तिथी तर पंचांगातच छापलेली, कार्तिक शुद्ध द्वितीया. आणि भाडे नेमके त्याच चार दिवसांत सर्वांत जास्त येते.

मी मनाशी म्हटले, हातांनी बांधली ती माझी. श्रमातून मालकी उपजते, असे लॉकनेही मांडले आहे. पण जोते वडिलांचे. त्या गोठ्यात पहाटे शेण काढायला ताई जाई. मी पांघरुणात असे. २००५ सालच्या कायद्याने वडिलार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच झाला. तिने तो विषय कधी काढला नाही. तिच्या त्या न बोलण्यालाच मी माझी मालकी समजत आलो की काय?

थोरोने खोपीचा खर्च अर्ध्या सेंटपर्यंत मांडला आहे: २८ डॉलर साडेबारा सेंट. जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती. तिचा आकडा त्यात नाही. मात्र कुऱ्हाड उसनी आणल्याचे त्याने लिहून ठेवले आहे, आणि परत करताना ती अधिक धारदार होती हेही. माझ्या वहीत सिमेंट, वाळू, कौले, सारे पैपैशाने आहे. उसने काय घेतले, ते कुठेच नाही.

संध्याकाळी ताईने ओवाळले. मी ताटात पाकीट घातले. रात्री जमाखर्च लिहिताना दिसले, ओवाळणी खोपीच्या एका रात्रीच्या भाड्यापेक्षा कमी होती.

सकाळी मंडळी गेली. मी उठून पाहतो तो ताई खोपीतल्या चादरी काढून विहिरीवर निघालेली. "दुपारी दुसरे यायचे असतील ना?" तिने विचारले.

यायचे होते.

यंदाही त्याच मंडळींचा फोन येऊन गेला. विचारून सांगतो, म्हटले आहे. ताईला अजून विचारलेले नाही.