जटायूचे ऋण

आषाढीच्या वाटेवर श्रीतुकोबारायांची पालखी काटेवाडीस आली म्हणजे तेथे मेंढ्यांचे रिंगण होते. मेंढरे पालखीभोवती धावतात, आणि मेंढपाळ म्हणतो, आता कळपाला रोगराई व्हायची नाही. कोणी हसेल, आम्ही हसत नाही. देवापुढे उभा राहून तो मेंढरांचे आरोग्य मागतो, ही भूतदयाच होय. पण देवाकडे मागून झाल्यावर आपणही काही करायचे असते, हे आम्हांस फार उशिरा कळले.

पुष्कळ वर्षांमागे वडगाव निंबाळकरास आमचे कीर्तन होते. आरती झाल्यावर एक बाई पोराला घेऊन पुढे आली. "महाराज, कुत्रं चावलंय, अंगारा द्या." पोटरीवर लहानशी जखम. आम्ही अंगारा लावला आणि म्हणालो, "काही व्हायचं नाही, माय." दवाखान्यात जा, एवढे मात्र आमच्या तोंडून निघाले नाही. पुढच्या वारीत कळले, पोर पाण्याला भीत भीत गेले. आमची संस्कृत पाठशाळा, आमची पोथी त्या दिवशी कोणाच्या कामी आली?

तेव्हापासून आम्ही विचारू लागलो, ही कुत्री इतकी वाढली कशी? आमच्या लहानपणी ढोर मेले की आभाळातून गिधाडे उतरत आणि हाडे तेवढी मागे उरत. 1990 नंतरच्या दशकात ती दिसेनाशी झाली. कारण 2004 साली उमगले. दुखणाईत जनावराला डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचीत. ते जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. मग मढी उघड्यावर पडून राहू लागली. त्यांवर मोकाट कुत्री पोसली आणि माणसांना चावण्याची भीती वाढली, असे अभ्यासक सांगतात. 2006 साली सरकारने हे औषध जनावरांसाठी बंद केले.

पाहा कशी गाठ आहे! औषध दिले बैलाला, मेले गिधाड, माजले कुत्रे, आणि रडते आहे माय. रामरायाने जटायूचे अंत्यसंस्कार पित्यासारखे केले, आणि त्या जटायूचे कुळ आम्ही नकळत बुडवीत होतो. आज नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाडा येथे वनखाते आणि गावकरी मिळून गिधाडांसाठी मेलेल्या जनावरांची सोय करतात. जटायूचे ऋण असेही फेडता येते.

आता आपले कर्तव्य ऐका. कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, तिखट काही भरू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि लशीच्या साऱ्या मात्रा पुऱ्या कराव्यात. पाश्चर यांनी 1885 साली एका मुलाला ही लस टोचली, तेव्हापासून हा मार्ग मोकळा आहे; पण लक्षणे दिसल्यावर मात्र उपाय जवळजवळ नाहीच. गावातल्या दहांपैकी सात कुत्र्यांना लस टोचली आणि दरसाल ते व्रत पाळले, तर रोगाची साखळी तुटते.

हे एका घराचे काम नव्हे. मेंढपाळाने आपली कुत्री आणावीत, गुरांच्या डॉक्टरांनी लस टोचावी, आरोग्यसेविकेने चावलेल्यांची विचारपूस करावी, ग्रामपंचायतीने मेलेल्या ढोरासाठी खोल खड्ड्याची जागा नेमावी. ते कालव्यात ढकलू नये. तेच पाणी खाली कोणी तरी पिते. एकट्याच्या टाळाने दिंडी होत नाही, बाबांनो.

आणि कीर्तनकाराने काय करावे? आम्ही अंगारा आजही देतो. पण देताना हात धरून विचारतो, "माय, सुई घेतलीस का?" नाही म्हणाली तर आरती थांबवून गाडी जोडायला सांगतो. पांडुरंग तेवढा वेळ विटेवर उभा राहील. त्याला सवय आहे.

राम कृष्ण हरि.