न मोजलेले चेंडू

शालेय क्रिकेटच्या सामन्यात टाकलेल्या प्रत्येक चेंडूची नोंद होते. गुणलेखक वहीतील चौकोनात निर्धाव चेंडूसाठी ठिपका देतो, धावेसाठी आकडा लिहितो, आणि कोणत्या मुलाने किती षटके टाकली हे संध्याकाळी त्या वहीवरून कोणालाही सांगता येते. त्याच मुलाने आदल्या दोन दिवसांत नेटमधील सरावात किती चेंडू टाकले, हे मात्र कोणत्याही वहीत सापडत नाही. हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो, परंतु तो मुळात नीतीचा आहे, कारण ज्या श्रमाचा परिणाम वाढत्या हाडांवर होतो त्या श्रमाचे माप ठेवण्याची जबाबदारी तेरा-चौदा वर्षांच्या मुलावर सोपवता येत नाही.

जलद गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहूनही अधिक भार त्या पायातून वर चढतो, आणि नेमक्या त्याच वेळी कंबर मागे कललेली, एका बाजूला झुकलेली व पिळलेली असते. हा सारा ताण कंबरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांच्या मागील भागातील हाडाच्या अरुंद पट्टीवर येतो. उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्याच्या बाबतीत तो बहुधा डाव्या बाजूस असतो. ताण सोसलेले हाड शरीर आधी थोडे कोरून काढते आणि मग त्या जागी नवे भरते. या क्रियेस अस्थिपुनर्रचना म्हणतात. कोरण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरण्याचे काम काही महिने चालते, आणि मधल्या काळात ते हाड नेहमीपेक्षा कमजोर असते. याच काळात मारा चालू राहिला तर त्या पट्टीला बारीक चीर जाते, जिला वैद्यकात ताणजन्य अस्थिभंग असे नाव आहे. सुरुवातीला ही चीर साध्या एक्स-रेमध्ये दिसतेच असे नाही, अनेकदा एमआरआय करावा लागतो; मुलाला मात्र एवढेच जाणवते की वरच्या फळीवरची पाण्याची बाटली घेण्यासाठी मागे कलले की कंबरेच्या एका बाजूला बोटभर जागेत कळ येते, आणि पुढे वाकले की बरे वाटते. कंबरेचे मणके पुरते पक्के होण्यास वयाची विशी उलटावी लागते, म्हणून विश्रांतीचा दिवस हा सरावातून वजा झालेला दिवस मानणे चूक आहे. त्या दिवशी हाड भरत असते.

ऑस्ट्रेलियाचा पॅट कमिन्स नोव्हेंबर २०११ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला, एका डावात सहा गडी बाद करून सामनावीर ठरला, आणि मुख्यतः पाठीच्या पुनःपुन्हा झालेल्या दुखापतींमुळे त्याची दुसरी कसोटी थेट मार्च २०१७ मध्ये रांचीला झाली. त्याच्यामागे उत्तम वैद्यकीय पथक उभे होते. विरार किंवा डोंबिवलीहून किटबॅग पाठीला लावून पहाटेच्या लोकलने मैदानावर येणाऱ्या मुलामागे तसे कोणी नसते.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने या वयासाठी मर्यादा आखल्या आहेत: तेरा वर्षांपर्यंतच्या जलद गोलंदाजाने सलग ५ आणि दिवसभरात १० षटकांहून अधिक टाकू नयेत, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त व सात दिवसांत चार दिवसांपेक्षा जास्त गोलंदाजी करू नये. जपानमध्ये २०१८ च्या उन्हाळी शालेय बेसबॉल स्पर्धेत एका मुलाने ८८१ चेंडू टाकले, तेव्हा कौतुकाबरोबरच मोठा वादही झाला, आणि २०२० पासून तेथे एका आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा आली. जिद्दीला इतका मान देणाऱ्या समाजालाही अखेर मोजावेच लागले.

मुंबईत ही मोजदाद अधिक अवघड आहे. शाळांसाठी हॅरिस व जाइल्स ढाल, पावसाळ्यात १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग, त्यात अकादमी व वयोगटाच्या निवड चाचण्या, यांमुळे हुशार मुलाला मोकळा महिना असा मिळत नाही; शाळेचे सर, क्लबचे सर आणि अकादमीचे सर प्रत्येकी आपल्यापुरती षटके जाणतात, बेरीज कोणाकडेच नसते. मे महिन्यातील शिबिरांचा प्रश्न याहून निराळा आहे: परीक्षेमुळे दोन महिने चेंडू हातात न घेतलेले मूल एकदम रोज दोन वेळच्या सरावाला जुंपले जाते, आणि भार असा अचानक वाढणे हेच दुखापतीचे एक मोठे कारण असल्याचे जलद गोलंदाजांवरील अभ्यासांतून दिसून आले आहे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या एका आंतरशालेय सामन्यात एका संघाने ३ बाद १४६५ धावांवर डाव घोषित केला. त्या डावातील नाबाद १००९ धावांची आठवण आजही निघते आणि ती रास्तच आहे. परंतु त्या धावा ज्यांच्या चेंडूंवर निघाल्या ती मुलेही शाळकरी होती, हे क्वचितच कोणाच्या मनात येते.

मराठीत दुखणे ‘अंगावर काढणे’ असा वाक्प्रचार आहे, आणि घरोघरी तो बहुतेक वेळा कौतुकानेच उच्चारला जातो. संघातील जागा जाईल या भीतीने गप्प बसणाऱ्या मुलाच्या कानावर हे कौतुक पडते, तेव्हा कळ लपवणे हाच त्याला पराक्रम वाटू लागतो. धावण्याच्या शर्यतींत उतरणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर पाळी थांबणे हा अपुऱ्या आहाराचा व अतिश्रमाचा इशाराही संकोचापायी महिनोन्महिने दडून राहतो. मूल सरांना ‘नको’ म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्या होकाराला संमती म्हणता येत नाही. अंतिम सामन्यात आपल्या सर्वोत्तम गोलंदाजाला, त्याचा दिवसाचा वाटा संपला म्हणून, चेंडू न देणारे प्रशिक्षक हरले तरी त्यांचा सत्कार व्हावा, इतके ते काम मोलाचे आहे.

ज्या घरातील मूल जलद गोलंदाजी करते त्या घराने या आठवड्यात त्याच्या किटबॅगेत एक दोनशे पानी वही ठेवावी, तीत तारीख, सामन्यातील चेंडू, नेटमधील चेंडू आणि कंबर दुखली का, असे चार रकाने आखावेत, आणि ती वही तिन्ही सरांना दाखवावी.