येसकराची पाळी आणि पाहुण्याची पाळी



‘पाळी’ हा शब्द आपल्या घरांत कधी गोड नव्हता. महारवाड्यातल्या एकेका घरावर येसकराची पाळी येई. गावात उतरलेल्या अंमलदाराच्या घोड्याला गवत, चुलीला सरपण, पुढच्या गावापर्यंत वाटाड्या, हे सारे त्या घराने पुरवायचे आणि संध्याकाळी दारोदार हिंडून भाकरी मागून आणायची. पाहुण्यांची सरबराई आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. पण तो पाहुणा त्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले ते हे जोखड मोडण्यासाठी. वतने जायला पुढे १९५८ चा कायदा यावा लागला.

आता दुसरी एक पाळी पाहा. लडाख हा उंचावरचा वाळवंटी मुलूख. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंच. वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. आपल्या सांगोल्याचा शेतकरीसुद्धा त्याला पाऊस म्हणणार नाही. बर्फ वितळून येईल तेवढ्या पाण्यावर जव पिकवायचे आणि शेळ्यामेंढ्या राखायच्या. १९७४ साली हा प्रदेश प्रवाशांना खुला झाला, तेव्हा पैसा मुख्यतः लेहकडे वाहिला. खेड्यांजवळून तंबू, खेचरे आणि परदेशी माणसे नुसती जात राहिली. त्यात हिमबिबट्या गोठ्यात शिरे, एका रात्रीत कित्येक जनावरे मारी, आणि संतापलेला गाव त्याचा जीव घेई.

२००२ च्या सुमारास स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या साहाय्याने हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबकसारख्या खेड्यांनी आपल्या राहत्या घरांत प्रवासी उतरवायला सुरुवात केली. दर आधी ठरलेला. पाहुणा कोणाकडे जाईल हे घराचा रंगसफेदा पाहून ठरत नाही, पाळीने ठरते. कारभार बहुधा बाईच्या हाती. प्रवासी घरच्याच चुलीपाशी बसून जेवतो, आणि मिळकतीतला दहावा हिस्सा गावच्या निधीत जातो. ज्या बिबट्याला मारायचे, तोच पाहण्यासाठी आता माणसे येतात.

एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगतो. तिथला संडास कोरडा असतो. वरून माती आणि राख टाकायची, खालचे खत झाले की घरच्यांनीच काढून आपल्या शेतात घालायचे. आपल्याकडे याच एका कामासाठी एक अख्खी जात राबवली गेली.

तुमच्यापैकी कोणी विचारील, पाहुण्याकडून पैसे घ्यायचे, मग तो पाहुणचार कसला? शंका रास्त आहे. पण आपण भाकरीचा इतिहास जाणतो. गावकी करून मागून आणलेली भाकरी फुकट म्हटली जाई, आणि तिच्यापायी माणूस जन्मभर मिंधा राही. ठरवून घेतलेल्या मोबदल्यात देणारा आणि घेणारा दोघे ताठ मानेने बोलतात. सम्यक आजीविकेत असा उघड व्यवहार बसतो असे माझे मत आहे.

परंतु लडाखचे नुसते गुणगान करून भागणार नाही. तो शेकडो वर्षांपासूनचा बौद्ध मुलूख खरा. तरी मोन आणि बेदा हे वाजंत्री आणि गारा हे लोहार यांना तिथल्या समाजाने खालचे मानले. पंगतीत बसण्याचा क्रम ठरलेला, आणि यांची जागा शेवटी. सरकारने १९८९ साली त्यांना इतर लडाखींबरोबर अनुसूचित जमातींच्या यादीत घातले, म्हणून पंगतीतला क्रम मोडला असे नाही. बुद्धाची मूर्ती घरात आली की जात आपोआप बाहेर जाते, या समजुतीला लडाख हे उत्तर आहे. पाळी न्यायाची की अन्यायाची हे ओळखायचे असेल, तर ती कोणत्या घरापर्यंत पोचत नाही ते आधी विचारावे.

आणि तो प्रश्न आपल्या वस्तीतही विचारा. भिक्खू येतात, व्याख्याते येतात, ६ डिसेंबरला दादरला निघालेली माणसे वाटेत मुक्कामाला थांबतात. त्यांचे जेवण दर वर्षी त्याच नोकरदाराच्या पक्क्या घरी का असते? मातंग समाजातून धम्मात आलेल्या कुटुंबाकडे ते एकदा तरी होते का?

सोलापूरला हे अवघड जाऊ नये. बहिष्कृत हितकारिणी सभेचे पहिले वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी याच शहरात उघडले. मुलांचे जेवणखाण, कपडालत्ता, वह्यापुस्तके सभेने पाहिली आणि नगरपालिकेने महिन्याला ४० रुपये दिले. स्वतः बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात नाव बदलून पारशी पथिकाश्रमात राहावे लागले होते आणि तिथूनही हाकलले गेले होते. त्या माणसाच्या सभेने आठ वर्षांच्या आत आपल्या मुलांना हक्काचे छप्पर दिले.

राहिली अडचण एका खोलीच्या घराची. लडाखच्या खेड्यातही प्रवाशाला झोपायला वेगळी खोली लागतेच. ती नसेल तर ते घर पाळीतून सुटते. आपण हे टाळू शकतो. पाहुण्याची झोपायची सोय शेजारच्या पक्क्या घरी करावी, आणि जेवण त्या एका खोलीतच, ज्याची पाळी त्याच्या चुलीवरचे. पिठामिठाचा खर्च पंचायतीच्या पेटीतून द्यावा, आणि तो वहीत सर्वांसमोर लिहावा.