विद्यादान की ऋणफेड? प्रौढ शिक्षणाच्या निधीमागील नीतिविचार

राज्यसंस्था प्रौढ निरक्षरांच्या शिक्षणावर खर्च करते तेव्हा ती दान करीत असते की ऋण फेडत असते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तात्त्विक वाटतो. परंतु योजना किती वर्षे चालावी, शिकवणाऱ्याला मोबदला द्यावा की नाही आणि निधीचा हप्ता रखडला तर जाब कोणी कोणाला विचारावा, या साऱ्या प्रशासकीय निर्णयांच्या मुळाशी तोच असतो. दान देणाऱ्याच्या इच्छेवर चालते आणि घेणाऱ्याला मागणीचा हक्क देत नाही, तर ऋणात मागण्याचा अधिकार धनकोकडे असतो आणि परतफेडीला मुदत असते.

परंपरेने या दोन्ही कल्पनांचा सखोल विचार केलेला आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्रह्मदान, म्हणजे वेदविद्येचे दान, हे अन्न, गाय आणि भूमी यांच्या दानाहून श्रेष्ठ मानले आहे, तर भगवद्गीतेच्या 17व्या अध्यायात ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला, देश, काळ आणि पात्र पाहून दिलेल्या दानाला सात्त्विक म्हटले आहे. या विचाराची उदात्तता मान्य केली तरी पात्रता ठरविण्याचे काम त्यात दात्याकडेच राहते, हे दृष्टीआड करता येत नाही. ऋणाची कल्पना याहून कठोर आहे. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो आणि ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे गुरुगृही राहून केलेल्या अध्ययनाने, देवांचे यज्ञाने व पितरांचे संततीने फेडतो. शतपथ ब्राह्मण मात्र जो कोणी आहे तो ऋणी जन्मतो असे सांगून या तिहींत मनुष्यऋणाची भर घालते आणि ते अन्न व आसरा देऊन फेडायचे असते.

या मांडणीतील खरी गुंतागुंत पुढे सुरू होते. ऋषिऋण अध्ययनाने फिटते, परंतु वेदाध्ययनाचा अधिकार धर्मशास्त्राने शूद्रांना आणि स्त्रियांना नाकारला. म्हणजे ज्यांच्या श्रमावर इतरांचे अध्ययन पोसले गेले, त्यांना ऋषींचे ऋणको होण्याचाही मान मिळाला नाही. मनुष्यऋणाच्या दृष्टीने पाहिले तर हाच वर्ग धनको ठरतो. 1855 मध्ये शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा चालविणाऱ्या जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमका हाच हिशेब मांडला होता: सरकारी महसुलाचा मोठा वाटा रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणखर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना मिळतो. त्या निवेदनात याचना नाही, थकबाकीची मागणी आहे, आणि धर्मग्रंथांचा आधार न घेता ऋणविचार इतक्या स्वच्छपणे मांडणारे दुसरे लेखन क्वचितच सापडेल.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने हे ऋण एका अर्थी लेखी मान्य केले. मूळ अनुच्छेद 45 नुसार संविधान लागू झाल्यापासून दहा वर्षांत, म्हणजे 1960 पर्यंत, 14 वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे यासाठी राज्याने प्रयत्न करायचा होता. ही मुदत टळली. 2002 च्या 86व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 21क द्वारे शिक्षण मूलभूत हक्क झाले, पण 6 ते 14 या वयोगटापुरतेच. त्यापुढील वयासाठी अनुच्छेद 41 उरतो आणि तो शिक्षणाची तरतूद राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत करण्यास सांगतो. उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये हीच सीमारेषा आखली होती. याचा परिणाम असा की 1960 साली दहा वर्षांची असलेली आणि शाळेची पायरी न चढलेली मुलगी आज पंचाहत्तरी ओलांडून गेली असताना तिचे येणे मुदतबाह्य ठरले आहे, आणि मुदत चुकविणारा पक्षच मुदतबाह्यतेचा लाभ घेतो आहे. खासगी सावकारीत असा व्यवहार कोणी खपवून घेतला नसता.

योजनांचा इतिहास दान की ऋण या धूसरतेची साक्ष देतो. 2 ऑक्टोबर 1978 रोजी 15 ते 35 वयोगटातील 10 कोटी निरक्षरांसाठी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. 1988 मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले आणि जिल्हा साक्षरता समित्यांमार्फत मोहिमा चालल्या. 2009 च्या साक्षर भारत योजनेत ग्रामपंचायत पातळीवरील प्रेरकांना अल्प मानधन होते आणि ती योजना मार्च 2018 मध्ये संपली. 2022 ते 2027 या काळासाठी मंजूर झालेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाचा, म्हणजे उल्लासचा, एकूण अंदाजित खर्च 1,037.90 कोटी रुपये असून त्यात केंद्राचा वाटा 700 कोटींचा व राज्यांचा 337.90 कोटींचा आहे. उद्दिष्ट पाच कोटी प्रौढांचे असल्याने प्रत्येक प्रौढामागे संपूर्ण खर्च सुमारे 208 रुपये पडतो. हे शक्य होते, कारण शिकवणारा स्वयंसेवक विनामोबदला काम करतो आणि त्याच्या प्रेरणेला अधिकृत भाषेत कर्तव्यबोध म्हटले जाते.

स्वयंसेवेची थट्टा करण्याचे कारण नाही. सातारा जिल्ह्यात 1959 मध्ये सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने आणि 1990 मध्ये संपूर्ण साक्षर घोषित झालेल्या एर्नाकुलमने अत्यल्प पैशांत लोकशक्ती काय करू शकते हे दाखविले. विनोबा भावे यांनी तर दानाचा अर्थच सम्यक विभाजन असा लावून भूदानात जमीन भिक्षा म्हणून नव्हे तर हक्क म्हणून मागितली, त्यामुळे दान आणि ऋण यांतील भिंत वाटते तितकी पक्की नाही, हा आक्षेप वजनदार आहे. तथापि सातारच्या मोहिमेनंतर पुढील वाचनाची व सरावाची सोय अपुरी पडली आणि अनेक नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे वळले. उत्साहाची लाट अक्षरओळख करून देते. ती ओळख टिकविण्यासाठी ग्रंथालय, वाचनसाहित्य आणि वर्षानुवर्षे त्याच जागी असणारा माणूस लागतो, आणि या तिन्ही गोष्टी आवर्ती खर्चात मोडतात, म्हणजे दरवर्षी नव्याने तरतूद करावी लागणाऱ्या खर्चात.

म्हणून विनोबांचा अर्थ स्वीकारला तरी विभाजन कोणी करायचे हा प्रश्न उरतोच. गावातील तरुणी संध्याकाळी शेजारणीला अक्षरे गिरवायला शिकवते तेव्हा ती आपल्या वाट्याचे मनुष्यऋण फेडत असते. तिच्या श्रमाचे मोल शून्य धरून शासन आपल्या खर्चाचा अंदाज खाली आणते तेव्हा तिच्या फेडीची नोंद शासनाच्या खात्यावर होते. 1960 ची मुदत मात्र त्या तरुणीने चुकविलेली नव्हती, आणि हप्ता वेळेवर न आल्याने वर्ग बंद पडला तर त्याचा जाब तिलाच विचारला जाणे हे ऋणाच्या कोणत्याही शास्त्रात बसत नाही.