दयेचा खर्च कोणीं सोसावा?

काशीहून रामेश्वरास नेण्यासाठीं खांद्यावर घेतलेली गंगेची कावड एकनाथमहाराजांनीं वाळवंटांत तहानेनें तळमळणाऱ्या गाढवाच्या तोंडांत रिकामी केली, ही कथा आपणांपैकीं प्रत्येकानें लहानपणीं ऐकलेली आहे. तिचें तात्पर्य सांगण्याची गरज नाहीं. परंतु त्या कथेंतील एका गोष्टीकडे कीर्तनकारांचें सहसा लक्ष जात नाहीं. नाथांनीं जी कावड ओतली ती त्यांची स्वतःची होती, आणि गाढवाची तहान तेवढ्या पाण्यानें भागली. एका कावडीनें ती भागली नसती तर? मग बरोबरच्या यात्रेकरूंपाशीं त्यांच्या कावडी मागाव्या काय, मागितल्यास त्यांनीं द्याव्या काय, आणि न दिल्यास त्यांस दोष लागतो काय, या प्रश्नांचा विचार करण्याची वेळ नाथांवर आली नाहीं. ती आज आपल्यावर येते, व तीही अगदीं साध्या प्रसंगीं येते.

वाहनाखालीं सांपडून मोडलेलें कुत्रें कोणी एक मनुष्य रस्त्यावरून उचलतो. उचलतांना तो फारसा विचार करीत नाहीं. विचार करणारे बहुधा उचलीतच नाहींत. दवाखान्यांत गेल्यावर त्यास एक आंकडा सांगण्यांत येतो. इतर दानधर्मांत मनुष्य आधीं आपली ऐपत पाहतो, रक्कम ठरवितो व मग दया करतो. येथें दया आधींच होऊन गेलेली असते व रक्कम मागाहून कळते. सारी अडचण या उलट्या क्रमांत आहे.

हें हवेंतलें बोलणें नव्हे. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंतील एका परिचरानें गेल्या पावसाळ्यांत असेंच एक कुत्रें उचलून आणिलें. मोटार थांबली नव्हती. मांडीचें हाड तीन ठिकाणीं मोडलेलें होतें. पशुवैद्यांनीं दोन मार्ग सांगितले. धातूची पट्टी व स्क्रू बसवून हाड सांधावयाचें, त्यास सुमारें ४०,००० रुपये. अथवा पाय मुळापासून काढून टाकावयाचा, त्यास सुमारें १५,०००. गृहस्थ कंत्राटी नोकर. महिन्याची प्राप्ति यांतील लहान आंकड्याच्या आसपास. मुलगी बारावीस, आणि तिच्या शिकवणीचे पैसे थकलेले. त्यानें पतपेढींत ४०,००० रुपयांच्या कर्जाचा अर्ज भरला आणि जामीन म्हणून सही मागण्यास तो आमच्याकडे आला. “सर, उचललं तेव्हां पैशाचं डोक्यांत नव्हतं. आतां परत नेऊन ठेवूं कुठं?” एवढेंच तो म्हणाला. आम्हीं सही केली नाहीं. त्याचीं कारणें पुढें येतीलच. परंतु त्याचा प्रश्न मात्र आम्हांस कोणत्याही ग्रंथांतील प्रश्नापेक्षां अधिक नेमका वाटला.

प्रथम नेहमींचा आक्षेप घेऊं. माणसें औषधावांचून मरत असतां कुत्र्यावर पैसा कशास घालवावा? हें विचारणारांपैकीं बहुतेकांनीं माणसांसाठींही खिशांत हात घातलेला नसतो, असें उत्तर देण्याचा मोह होतो. परंतु तें उत्तर प्रश्नकर्त्यास झालें, प्रश्नास नव्हे. आक्षेपाचें सर्वांत समर्थ रूप पीटर सिंगर यांनीं १९७२ सालीं दुष्काळ व नीति यांविषयीं लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधावरून बांधतां येतें. डोळ्यांसमोर बुडणारें मूल आणि हजारों कोसांवर उपाशी मरणारें मूल यांत केवळ अंतरामुळें नैतिक भेद पडत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. तें मानलें तर आपला रुपया जेथें सर्वांत अधिक दुःख निवारील तेथेंच जावयास पाहिजे, आणि एका कुत्र्याच्या एका पायावर ४०,००० रुपये ही गोष्ट त्या कसोटीस उतरणार नाहीं. गंमत अशी कीं, सारखें दुःख सारखेंच मोजावें, मग तें कोणत्याही प्राण्याचें असो, असा आग्रह धरणारा १९७५ सालचा ग्रंथही याच लेखकाचा आहे.

पण ही कसोटी एकदां हातीं घेतली म्हणजे ती कुत्र्यापाशीं थांबत नाहीं. लग्नाचा मांडव, दिवाळीची सहल, या मासिकाची वर्गणीसुद्धां तिच्याखालीं चिरडून जाईल. तितकी कठोर वृत्ति ज्यास पेलत असेल त्यास आमचा नमस्कार. परंतु ४०,००० रुपयांचा फोन विकत घेणाऱ्यास अर्धपोटीं माणसांची आठवण कोणी करून देत नाहीं. ती नेमकी दया करणाऱ्यास करून दिली जाते. चैनीकडे जो हिशेब मागत नाहीं, त्यास दयेकडे तो मागण्याचा अधिकार कोठून आला?

एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. आमच्या परिचराच्या पैशावर हक्क सांगणारें दुसरें कोणी दूरदेशींचें उपाशी मूल नव्हतें. त्याची स्वतःची मुलगी होती. येथें मोठमोठे तत्त्वज्ञही फारसे उपयोगी पडत नाहींत. प्राण्यास विचार करतां येतो कीं नाहीं हें न पाहतां त्यास वेदना होते कीं नाहीं हें पाहावें, असें बेंथमनें १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या एका टीपेंत सुचविलें; त्या वेदनेच्या औषधाचे पैसे कोणीं द्यावे हें तेथें आलेलें नाहीं. जन्मभर इमानें चाकरी केलेल्या कुत्र्यास म्हातारपणीं पोसावें, असें कांट आपल्या व्याख्यानांत सांगे, पण तें माणसाचें मन माणसांविषयीं निष्ठुर होऊं नये म्हणून. रस्त्यावरच्या कुत्र्यानें कोणाची चाकरी केली? धर्मराजाचें कुत्रें तरी हस्तिनापुरापासून त्याच्या मागें चालत आलें होतें. शिवाय त्याच्यासाठीं धर्मराजानें जो स्वर्ग नाकारला तो त्याचा स्वतःचा होता. परीक्षिताचें राज्य त्यांत गहाण पडत नव्हतें.

कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९६० सालच्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याच्या तिसऱ्या कलमानें, ज्याच्या ताब्यांत वा देखभालींत एखादा प्राणी आहे त्यानें त्याच्या हितासाठीं व त्याच्या अनावश्यक वेदना टाळण्यासाठीं सर्व वाजवी उपाय योजावे, असें कर्तव्य घालून दिलें आहे. वेदना भोगावी लागेल अशा स्थितींत प्राण्यास सकारण नसतां टाकून देणें हा त्याच कायद्यान्वयें अपराध आहे. आतां याचा व्यवहारांत परिणाम काय होतो? जो कुत्र्याच्या अंगावरून वळसा घालून निघून गेला, त्याच्यावर कसलेंच कर्तव्य नाहीं. ज्यानें तें उचललें, त्याच्या देखभालींत तें आलें. म्हणजे उचलतांक्षणीं तो बांधला गेला. १९७६ सालच्या दुरुस्तीनें राज्यघटनेंत आलेलें भूतदयेचें मूलभूत कर्तव्य प्रत्येक नागरिकाचें आहे खरें. पण तें न पाळणाऱ्यास न्यायालयापुढें उभें करतां येत नाहीं. सर्वांचें कर्तव्य ऐच्छिक, आणि एकाचें सक्तीचें.

कायद्यास हा दोष देतां येणार नाहीं. ज्याच्या हातांत प्राणी आहे त्यालाच तो धरूं शकतो. परंतु लोकमतही हेंच करतें, आणि तेथें आमची तक्रार आहे. “तूं आणलंस, तूं निस्तर,” हें वाक्य त्या परिचरास दोन दिवसांत किती जणांनीं ऐकविलें असेल! जणू काय कुत्रें मोडलें तें त्यानें पाहिल्यामुळें. त्या सकाळीं त्या रस्त्यानें मोटारींतून, दुचाकीवरून, पायीं अशीं कितीतरी माणसें गेलीं असतील. त्यांपैकीं बहुतेकांची प्राप्ति त्याच्यापेक्षां अधिक होती. त्या सर्वांच्या वतीनें तो एकटा खालीं वाकला. कुत्रें त्याच्या मालकीचें नव्हतें. रस्त्याचें, म्हणजे सर्वांचें होतें. मग त्याच्यासाठीं वर्गणी मागणें ही भीक नव्हे. जें ऋण सर्वांवर होतें व जें एकानें अंगावर घेतलें, त्यांतील आपापला वांटा त्यास परत करावयाचा आहे. देणाऱ्यानें कुत्र्यावर उपकार केल्याचा आव आणूं नये, आणि मागणाऱ्यानें मान खालीं घालूं नये.

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट आपल्यापेक्षां बरी कळली होती असें दिसतें. १८३२ सालीं मुंबईंत भटकीं कुत्रीं मारण्याचा सरकारी हुकूम निघाला तेव्हां पारशी मंडळींनीं दंगा केला. दंगा ही दयेची सर्वांत स्वस्त तऱ्हा आहे, आणि तेवढ्यावर ते थांबते तर आज त्याचें नांवही निघालें नसतें. परंतु १८३४ सालीं जमशेटजी जीजीभाई प्रभृति व्यापाऱ्यांनीं तेथें पांजरपोळ काढली. गुजरातेकडील पांजरपोळांची जी रीत होती, कीं महाजनांनीं आपखुशीनें व्यापारी मालावर पट्टी बसवावी व तींतून मुक्या जनावरांचा खर्च चालवावा, तींत मोठें शहाणपण होतें. कापसाची गांठ विकणाऱ्यास जखमी जनावर पाहावें लागत नसे आणि जनावर उचलणाऱ्यास पदर पसरावा लागत नसे. पुढें १८८३ सालीं परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें. १८८६ सालीं पशुवैद्यकाचें महाविद्यालयही तेथेंच निघालें.

अशा संस्था मुंबईबाहेर थोड्या. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांत शुल्क अल्प असतें, परंतु तेथील सारी सिद्धता गाईम्हशींसाठीं. कुत्र्याचें हाड सांधण्याचीं साधनें तेथें बहुधा नसतात. पुण्याच्या माणसास शिरवळचें पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे. शिकविण्याच्या रुग्णालयांत खर्च कमी येतो, हें अनेकांच्या ध्यानींही नसतें. विमा आतां कुत्र्यांचाही निघतो, पण आधींच मोडलेल्या पायाचा विमा कोण उतरविणार? राहतां राहिले खुद्द पशुवैद्य. तुम्हीं दयाळू म्हणून या धंद्यांत आलां, तेव्हां फुकट करा, असा आग्रह त्यांस सर्वत्र होतो. आमच्या मतें हाही तोच अन्याय निराळ्या दारानें शिरतो. त्यांनीं आपलें मानधन सोडलें तर तो त्यांचा वांटा समजावा. भूल, औषधें, सुया यांचा खर्च त्यांच्या चांगुलपणावर लादूं नये.

आतां सही न करण्याचें कारण. उचलल्यानें जें कर्तव्य येतें तें वेदना थांबविण्याचें. शरीर पूर्ववत् करण्याचें नव्हे. कायद्यांतील ‘वाजवी’ हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. श्रीमंत मालकानें पट्टी न बसवितां पाय काढावयास सांगितला तर आम्ही त्यास कद्रू म्हणूं. परिचरानें तेंच केलें तर तें वाजवी होय. कर्तव्य थैलीप्रमाणें बदलतें हें कानांस बरें लागत नाहीं, पण तें खरें आहे. कुत्रें तीन पायांवर चांगलें चालतें, धांवतेंही. त्यास आपल्या लंगडेपणाची लाज नसते. ती आपणांस वाटते, आणि त्या लाजेपायीं मुलीचें वर्ष पणास लावणें ही दया नव्हे. पाय काढण्यांत आला. वैद्यांनीं आपलें मानधन सोडलें, बाकीची रक्कम आम्हां अध्यापकांत व शिपायांत वांटली गेली. परिचरानें पै पै वहींत लिहून ठेविली. जाण्यायेण्याच्या रिक्षाचे २४० रुपये मात्र त्यानें स्वतःच्या रकान्यांत मांडले, आणि त्याविषयीं कोणाचें ऐकलें नाहीं. ती वही आम्हांस वर्गणीची आदर्श रीत वाटते. जखमेचीं भेसूर छायाचित्रें दाखवून लोकांच्या काळजास हात घालणें, उरल्या रकमेचा पत्ता न देणें, या प्रकारांनीं पुढच्या खऱ्या गरजूचें तोंड बंद होतें.

एक गंभीर आक्षेप उरतो, आणि तो खुद्द गांधीजींचा आहे. अहमदाबादेंतील एका गिरणीमालकानें साठ भटकीं कुत्रीं मारविलीं, तेव्हां १९२६ सालीं ‘यंग इंडिया’मध्यें त्यांनीं त्या कृत्याची बाजू घेऊन मोठा वाद ओढवून घेतला. बेवारशी कुत्रें हें समाजाच्या अज्ञानाचें व आळसाचें चिन्ह आहे. त्यास तुकडा टाकून पुण्य जोडूं नये, दया असेल तर तें पाळावें किंवा संस्थेस पैसे द्यावे, असा त्यांचा भावार्थ होता. मारण्याविषयीं आम्ही त्यांच्याशीं सहमत नाहीं. पण तुकडा टाकण्याच्या दयेविषयींचें त्यांचें म्हणणें अजून कोणास खोडून काढतां आलेलें नाहीं. शस्त्रक्रिया हाही एक मोठा तुकडाच होऊं शकतो, जर टांके निघाल्यावर कुत्रें पुन्हां त्याच वळणावर सोडून द्यावयाचें असेल. म्हणून वर्गणी काढतांना नसबंदी, लस व पुढील सांभाळ यांचाही विचार पहिल्याच दिवशीं झाला पाहिजे.

आमच्या वसाहतींत गणेशोत्सवाच्या वर्गणीबरोबर घरटीं ५० रुपये या कामासाठीं निराळे काढावे, अशी सूचना आम्हीं सभेंत मांडली. खजिनदारांनीं विचारलें कीं, अशी पेटी आहे असें एकदां बाहेर कळलें म्हणजे लोक गांवभरचीं मोडकीं कुत्रीं आणून आपल्या फाटकाशीं सोडणार नाहींत काय? शंका क्षुल्लक नाहीं. कोणतीही अशी संस्था काढतांना ती पुढें येणारच. आम्हीं एवढेंच सुचविलें कीं, पैसा पेटींतून द्यावा, पण ज्यानें कुत्रें आणिलें त्यानें तें बरें होईपर्यंत रोज येऊन त्याची मलमपट्टी करावी. सोडून पळणारा या अटीनें गळेल आणि उचलणाऱ्यास ती जाचणार नाहीं. ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब आहे.